ऋजुताला चालत नाही

माझ्या भाचीनं एकदा मुलाकडच्यांचं चहाचं टेबल उलटं केलं. चहा अजून ट्रेमध्येच होता, म्हणून निभावलं.

आम्ही हिमायतनगरला तिच्या चुलत बहिणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर. घर नीटनेटकं, भिंतीवर पूर्वजांचे फोटो एका रेषेत. ऋजुता माझ्यासमोर बसली होती. वय सोळा, घट्ट वेणी, खांद्याला पिशवी. तिनं टेबलाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून हलकेच दाबलं. टक्. बोट उचललं. पुन्हा टक्. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच 'नको' म्हटलं.

"मामा, हे हलायलंय," ती म्हणाली.

"असू दे," मी पुटपुटलो.

इथंच मी चुकलो. 'असू दे' हे शब्द तिच्यासमोर उच्चारायचे नसतात. तिनं फुलदाणी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, वर्तमानपत्रं हेडमास्तरांच्या हातात दिली, टेबल उलटं केलं आणि पिशवीतून पेचकस काढला. मुलाची आई ट्रे घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. ठेवणार कुठं?

"अगं बाळ, अकरा वर्षं ते तसंच आहे," हेडमास्तर म्हणाले.

"मग अकरा वर्षं तुम्ही काय केलं?" ऋजुतानं विचारलं.

यात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. हेडमास्तरही विचारात पडले. त्यांना उत्तर सापडायच्या आत टेबल सरळ झालं होतं, आणि त्यावर ठेवलेला चहा जराही डचमळला नाही. लग्न ठरलं. पुढं त्या घरून फोन आला की होणाऱ्या सूनबाईच्या आधी ऋजुताची चौकशी व्हायची, कारण त्यांच्या कपाटाचं दार लागत नव्हतं.

मी काचीगुड्याला बहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर राहतो. नारायणगुड्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. त्यामुळं या मुलीला जन्मापासून रोज बघतोय, आणि जन्मापासून तिला काहीतरी चालत नाही.

आता आमच्या हैदराबादचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल. इथं कुणाला घाई नाही आणि कशाचं फार मनाला लावून घ्यायचं नाही. रिक्षावाला अर्धा तास उशिरा आला, लाइट लो. नळाला पाणी आलं नाही, लाइट लो. सुतार 'परसों' येतो म्हणाला तर तो परसों या आठवड्यातलाच असेल असं धरून चालायचं नाही. मी या शहरात पन्नास वर्षं सुखानं काढली ती या एका मंत्रावर. ऋजुता त्याच शहरात, त्याच घरात जन्मली आणि तिला 'लाइट लो' ऐकलं की कानामागं लाल होतं. देवळात गेली की ती प्रदक्षिणेच्या वाटेवरचं रेलिंग हलवून बघते. बसमध्ये खिडकीची सैल काच दिसली की पुढच्या तीन स्टॉपपर्यंत ती घट्ट बसवत राहते आणि स्वतःचा स्टॉप चुकवते.

बोलणं तसं कमीच. तीन शब्दांत काम. "हे हलायलंय." "असं चालत नाही." "पाना कुठं ठेवलास?" तिचं मराठी वाचन यथातथाच आहे, अक्षराला अक्षर लावून वाचते. मी एकदा हौसेनं कॉलेजातून एक जुनी कादंबरी आणून दिली. आठ दिवसांनी परत मिळाली.

"वाचलीस?"

"नाही. शिवण सुटली होती." पुस्तक नव्यानं बांधून, वर ब्राऊन पेपर घालून दिलं होतं.

तिच्या क्लासमधली पोरं तिला 'मेस्त्री' म्हणतात. आमच्याकडं गवंड्याला मेस्त्री म्हणतात, तेलुगूतही तोच शब्द. मला वाटायचं कौतुकानं म्हणत असतील.

तर गेल्या वर्षी एप्रिलअखेर तिनं कॉलेजातून एक पत्रक आणलं. एक संस्था बारा दिवसांसाठी मुलांना शहराबाहेरच्या एका वस्तीत नेणार होती. 'गरजू कुटुंबांच्या घरांची दुरुस्ती', असं पत्रकावर ठळक छापलेलं. जेवताना तिनं ते वडिलांच्या ताटाशेजारी ठेवलं.

सुधीरराव, माझे मेव्हणे, वकील आहेत. त्यांनी पत्रक वाचायच्या आधीच नामंजूर केलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास सुरू होणार होता. मे महिन्याचं ऊन. अनोळखी जागा. एकामागून एक मुद्दे आले. ऋजुता प्रत्येक मुद्द्याला एवढंच म्हणत होती, "मी जाणार." माझी बहीण वीणा एकदा इकडं, एकदा तिकडं बघत वाढत होती.

शेवटी सुधीररावांनी वकिली डाव टाकला. "ठीक आहे. मामा सोबत जाणार असेल तर जा."

मला ते चांगलं ओळखतात. मे महिन्यात मी दुपारी गॅलरीतसुद्धा जात नाही. माझे गुडघे, माझा वाळ्याचा पडदा, माझी तीनची झोप, सगळं त्यांना माहीत. ऋजुतानं माझ्याकडं वळून बघितलं. मी नाहीच म्हणणार होतो. पण सुधीरराव आधीच दहीभात कालवत हसायला लागले होते, आणि ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

"जाईन की," मी म्हणालो.

*

रिंग रोडच्याही पलीकडं ती वस्ती होती. सिमेंटच्या पत्र्यांची साठ-सत्तर घरं, मध्ये एक रस्ता, टोकाला शाळा. शाळेत आमचा मुक्काम. वीस-बावीस मुलंमुली, आणि त्यांत मी एकटा पांढऱ्या केसांचा, पिवळ्या टी-शर्टात. सगळ्यांत मोठा मागवूनही तो टी-शर्ट माझ्या पोटाशी येऊन थांबत होता.

संस्थेचा प्रमुख कार्तिक. तिशीतला, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, सकाळी सहाला उत्साहानं ओसंडणारा. मनानं वाईट नव्हता. पहिल्याच सकाळी त्यानं सगळ्यांना गोल उभं करून काम समजावलं: रस्त्याकडेच्या बारा घरांच्या पुढच्या भिंती रंगवायच्या. एक घर निळं, एक गुलाबी, कुठं मोर, कुठं सूर्यफूल. बाराव्या दिवशी पैसे देणारे पाहुणे बघायला येणार होते.

ऋजुतानं हात वर केला. "आणि दुरुस्ती?"

"हीच दुरुस्ती," कार्तिक म्हणाला.

आमच्या वाट्याला सहावं घर आलं. सायम्माचं. साठीला टेकलेली बाई, काटकुळी, मान ताठ. तीस वर्षं तिनं बांधकामांवर डोक्यावरून घमेली वाहिली होती. शहरातल्या कितीतरी उंच इमारतींत तिचा माल गेला होता. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात ती एकटी. दारात उभी राहून तिनं आमच्या रंगाच्या बादलीकडं असं बघितलं, जसं मी उपवासाच्या भगरीकडं बघतो.

ऋजुता पुढच्या भिंतीसमोर थांबलीच नाही. वळसा घालून मागं गेली. मी मागोमाग. मागची भिंत मातीत बांधलेल्या विटांची, मध्यभागी पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. ऋजुतानं तिच्यावर तळवा ठेवला. वरून माती भुरभुरली.

तेलुगूत भिंतीला 'गोड' म्हणतात. ही कुठल्याच भाषेत गोड नव्हती.

"मागं काय आहे तुझं?" सायम्मा तेलुगूत ओरडत आली. "रंग पुढं लावायचा. लावा आणि जा."

"अम्मा, ही भिंत पडणार," ऋजुता म्हणाली. तिची तेलुगू तिच्या मराठीपेक्षा चांगली आहे.

"मला सांगतेस? भिंती उभ्या करण्यात जन्म गेला माझा. अजून दोन पावसाळे काढील ती."

"एकही नाही काढणार."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. कुणीच नजर खाली घेईना. "मी कुणाच्या दारात मागायला गेले नव्हते," सायम्मा शेवटी म्हणाली. "गेल्या साली पोरं आली, झाडं लावून गेली. बकऱ्यांनी खाल्ली. तुम्ही रंग लावून जा." आणि तिनं दार आतून लावून घेतलं.

ऋजुता तडक कार्तिककडं गेली. त्यानं ऐकून घेतलं, टोपी मागं सारली आणि नेमकं तेच म्हणाला जे म्हणायचं नव्हतं.

"लाइट लो ना. भिंती आपल्या कामात बसत नाहीत."

तिच्या कानामागं लाल झालं. तिनं कोरडा ब्रश त्याच्यापुढं धरला. "पडणाऱ्या भिंतीच्या घराला मी रंग लावणार नाही."

"मग घरी जा."

"घरीपण जाणार नाही. मी दुरुस्तीला आलेय."

त्यानंतर तीन दिवस ती सायम्माच्या दारासमोर, कोरडा ब्रश मांडीवर ठेवून, बसून राहिली. घोषणा नाहीत, रडारड नाही. सकाळी बसायची, जेवायला उठायची, पुन्हा बसायची. शेजारी कडुनिंबाच्या विरळ सावलीत टॉवेल डोक्यावर घेऊन मी. रस्त्याकडेची अकरा घरं दिवसेंदिवस रंगीत होत गेली आणि मधलं एक करडंच राहिलं, दात पडल्यासारखं. कार्तिक रोज तीनदा यायचा. एकदा समजावून, एकदा रागावून, एकदा हात जोडून. संध्याकाळी सुधीररावांचा फोन यायचा. "काय करायलीय ती?" ते मला विचारायचे. "बसलीय," मी सांगायचो. खोटं काही नव्हतं.

तिसऱ्या दुपारी दार उघडलं. सायम्मानं पाण्याचा तांब्या आणून ऋजुतापुढं ठेवला.

"ऊन लागत नाही तुला?"

"लागतंय."

"मग जा की."

ऋजुता पाणी प्यायली, तांब्या परत दिला आणि बसून राहिली. सायम्मा थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं मानेनं खूण केली आणि मागं चालू लागली. ऋजुता उठून धावली. मी गुडघे सावरत पोचेपर्यंत सायम्मानं तिचा हात धरून भिंतीवर कोपऱ्यात ठेवला होता. "मधे नाही. इथं. पाणी इथून शिरतं." शेजारच्या पत्र्यावरचं पाणी कुठं पडतं, कुठून मुरतं, कुठली वीट आधी सुटेल, सगळं तिला पाठ होतं.

"एवढं माहीत होतं, तर केलं का नाहीस अम्मा?" मी न राहवून विचारलं.

ती माझ्याकडं वळली. "पत्र्याला दोन टोकं असतात, सार्. मी एकटी आहे."

 ऋजुता चप्पल काढून आत गेली आणि पत्र्याखालची भांडी बाहेर आणायला लागली.

*

सायम्माच्या ओळखीचा एक मेस्त्री होता, यादगिरी. बांधकामावर वर्षानुवर्षं एकत्र काम केलेलं. निरोप मिळताच तो सायकलवर थापी, ओळंबा आणि दोरी बांधून आला. लाकडी टेकू लावून त्यानं छताचा भार धरला, पत्रे उतरवले, आणि भिंत पाडली. पाडायला फार काही करावंच लागलं नाही. सिमेंट संस्थेचंच, गिलाव्यासाठी आणलेलं. ऋजुतानं कार्तिकला सांगून घेतलं. विचारून नव्हे, सांगून. जुन्या विटांतल्या निम्म्या चांगल्या निघाल्या. बाकीच्या शाळेच्या पडक्या कंपाउंडच्या. त्या मिळवायला ती तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि त्या हो म्हणेपर्यंत उभीच राहिली.

मला बसून करायचं काम मिळालं. विटांना चिकटलेली जुनी माती खरवडायची. लायब्ररीत तीस वर्षं पुस्तकांची धूळ झटकलेल्या माणसाला ते जमलं.

ऋजुताला वाटत होतं की तिला सगळं येतं. पहिला थर तिनं मोठ्या झोकात लावला. सायम्मानं लांबून बघितलं. "थापी आहे ती. चमचा नाही." मग जवळ आली, खाली वाकून थराच्या रेषेत एक डोळा मिटून पाहिलं आणि पायानं अख्खा थर ढकलून दिला. मी खरवडणी थांबवली. आता भडका उडणार. या मुलीनं आजवर कुणाचंच ऐकलं नव्हतं.

ऋजुतानं विटा उचलल्या, पुन्हा पाण्यात टाकल्या आणि पुन्हा लावल्या. सायम्मानं पुन्हा पाडल्या. तिसऱ्यांदा बघितलं आणि काही न बोलता चुलीकडं गेली. ऋजुताचा चेहरा घामानं आणि सिमेंटनं माखलेला. ती चक्क हसत होती. तिच्याहून कडक कुणी भेटेल याची तिनं आशा सोडली असावी.

रंगकाम आटोपलेल्या मुली एकेक करून मागच्या बाजूला यायला लागल्या. कुणी वाळू चाळली, कुणी पाणी आणलं. टँकर एक दिवसाआड यायचा, तेव्हा ओळ लागायची. पण काम धीमंच चाललं. बाराव्या दिवशी भिंत छातीपर्यंत आली होती, आणि अर्ध्या घरावर आभाळ होतं.

पाहुणे आले. एक नवरा-बायको, साधी माणसं, हातात पाण्याची बाटली. कार्तिक त्यांना मोरापासून सूर्यफुलापर्यंत घेऊन गेला आणि सहाव्या घरापाशी पावलं भरभर टाकायला लागला. पण बाई थांबल्या.

"हे का राहिलं?"

"मागं या," ऋजुता म्हणाली.

कार्तिकनं डोळे मिटले. सगळे मागं गेले. अर्धी भिंत, टेकू, चिखल, उघड्यावर सायम्माचा संसार.

"तुम्ही लोकांनी घर तोडलं?" बाईंनी विचारलं.

"हो," ऋजुता म्हणाली.

 तेवढ्यात सायम्मा पुढं आली. हात कोपरापर्यंत मळलेले. ती बाईंशी बोलली तेलुगूत, पण आवाज असा की न समजणाऱ्यालाही कळावं. "घर माझं. भिंत मी पाडली. या पोरी माझ्याकडं कामाला आहेत."

बाईंच्या नवऱ्याला तेलुगू येत असावी. त्यानं एकदा सायम्माकडं, एकदा भिंतीकडं बघितलं, आणि मान हलवली. ती होकाराची होती की कसली, मला आजही सांगता येणार नाही. त्या घराचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परतीची बस होती. मी सातलाच जाऊन खिडकीची जागा धरली होती. बारा दिवस वरण म्हणून जे मिळालं त्यानंतर मला घरच्या आमटीची स्वप्नं पडत होती. सगळे चढले. ऋजुता नाही. खिडकीतून दिसली: सायम्माच्या मागच्या अंगणात, पाठमोरी, बादलीत विटा भिजवत. तिनं बसकडं बघितलंसुद्धा नाही.

मी पिशवी घेऊन खाली उतरलो.

"सार्, तुम्ही तरी," कार्तिक काकुळतीला आला. "वय झालंय तुमचं. आता काय करणार तुम्ही इथं?"

"विटा खरवडतो," मी म्हणालो. "तुम्ही लाइट लो."

*

सुधीररावांना मीच कळवलं. दुपारी त्यांची गाडी आली. कोर्टातून थेट आले होते, काळे बूट, पांढरा शर्ट. चिखल चुकवत चुकवत मागच्या अंगणात पोचले. ऋजुता आणि यादगिरी भिंतीच्या दोन टोकांना होते.

"गाडीत बस," सुधीरराव म्हणाले.

"सहा थर राहिलेत."

"सोमवारी क्लास सुरू होतोय."

"भिंत शनिवारी होते."

"ऋजुता, तुला काही सांगतोय मी. बारा दिवस म्हणालीस. मी पाठवलं. आता हे काय चाललंय?"

"बाबा, जरा ही दोरी धरा."

नवा थर सरळ जावा म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरावी लागते. यादगिरीला एका हाताची गरज होती. हातात दिलेली वस्तू माणूस जशी घेतो तशी सुधीररावांनी दोरी घेतली. घेतली ती चाळीस मिनिटं सोडता येईना. तेवढ्या वेळात त्यांनी तिच्या भवितव्यावर, बेजबाबदारपणावर आणि आजच्या पिढीवर संपूर्ण युक्तिवाद केला. आवाज चढला, उतरला, एकदा भरूनही आला. दोरी मात्र एकदाही ढिली पडली नाही. बूट चिखलात रुतले होते.

थर पुरा झाल्यावर यादगिरी म्हणाला, "सार् दोरी चांगली धरतात."

सुधीररावांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. खूश झालेत हे दिसू नये म्हणून त्यांना बराच वेळ पुसावं लागलं. "शनिवारी संध्याकाळी न्यायला येतो," ते म्हणाले. "त्यापुढं एक दिवस नाही."

शनिवारी भिंत झाली. पत्रे चढले. चढवताना एका टोकाला सायम्मा होती, दुसऱ्या टोकाला ऋजुता. पण नव्या भिंतीला आठ दिवस पाणी मारावं लागतं, आणि ऋजुता त्यासाठीही राहायचं म्हणाली. गाडीचं इंजिन चालू होतं. सुधीरराव काही बोलणार, तेवढ्यात सायम्मानं तिच्या हातातली बादली काढून घेतली.

"पाणी मारायला मला हात आहेत. तू जा बिड्डा. शीक."

तेलंगणात लेकराला बिड्डा म्हणतात. त्या सगळ्या दिवसांत सायम्मानं तो शब्द पहिल्यांदा वापरला. ऋजुतानं हुज्जत घातली नाही. ती गाडीत मागं बसली आणि काचीगुड्यापर्यंत तोंड खिडकीकडं करून होती.

*

पावसाळ्यात भिंत जागची हलली नाही. पुढची बाजू अजून करडीच आहे. सायम्माला रंग नको होता, आणि दिला असता कुणी तर ऋजुतानं लावू दिला नसता.

तेव्हापासून दर रविवारी ती दोन बस बदलून तिकडं जाते. "भिंत बघून येते," एवढंच सांगते. घरात कुणी अडवत नाही. सुधीरराव तर विचारतात, ओल तर धरली नाही ना.

गणपतीच्या दिवसांतल्या एका रविवारी वीणानं सायम्मासाठी मोदकांचा डबा भरला होता. ऋजुता तो विसरून गेली. वीणा म्हणाली, "दादा, तू नेऊन देशील?" मी तासाभरानं निघालो.

वस्तीत पोचलो तेव्हा चार वाजले असतील. मी मागच्या अंगणातून गेलो. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कुणीतरी सारखं बोलत होतं. भरभर, न थांबता, मध्येच हसून, पुन्हा बोलत. शेजारची कुणी पोर असेल असं वाटून मी थबकलो. मग आवाज ओळखू आला.

ऋजुता बोलत होती. ज्या मुलीकडून मी सतरा वर्षांत सलग चार वाक्यं ऐकली नव्हती, ती सायम्माला सगळं सांगत होती. क्लासमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नाही. डबा ती जिन्यात बसून खाते, कारण वर्गात सगळे गट करून बसतात. 'मेस्त्री' म्हणून हाक मारतात आणि ती वळली की हसतात. शुक्रवारी एकीचा वाढदिवस होता, सगळी मुलं गेली, हिला रात्री फोनवर फोटो आले तेव्हा कळलं. तिनं त्या फोटोंमधली तोंडं मोजली होती. तिच्याशिवाय सगळी होती.

सायम्मा खाली बसून चिंच निवडत होती. तिनं समजूत घातली नाही की उपदेश केला नाही. चिंचोके बाजूला टाकत ती एकच शब्द म्हणायची. "तरवाता?" म्हणजे, मग? आणि ऋजुता पुढं सांगायची.

मी डबा धरून उभा होतो. एकाच जिन्यावरून आम्ही सतरा वर्षं वरखाली करतोय. "क्लास कसा चाललाय?" मी विचारायचो. "चाललाय," ती म्हणायची. आणि मी वर निघून जायचो. दुसरा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

आत गेलो नाही. मोदकांचा डबा दाराशी ठेवला आणि बस स्टॉपवर जाऊन बसलो. तासाभरानं ती आली. मला बघून थांबली.

"तू कधी आलास?"

"आत्ताच."

तिनं जरा संशयानं पाहिलं. बस आली. ती खिडकीपाशी बसली, मी शेजारी. बस गावाबाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली.

"क्लास कसा चाललाय?" मी विचारलं.

"चाललाय."

"मग?"

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी समोर बघत राहिलो, काही घाई नसल्यासारखा. दोन स्टॉप गेले. कंडक्टर तिकिटं देऊन पुढं गेला.

"शुक्रवारी एक झालं," ती म्हणाली.